पहिला मासा काठावरच्याचा

त्या दिवशी खोटं मी बोललो होतो. बाबांनी काहीच चुकीचं केलं नव्हतं. हे सगळ्यात आधी लिहून टाकतो, नाहीतर गावाच्या आठवणी सांगता सांगता ते नेहमीसारखं बाजूला राहील आणि मी पुन्हा सुटेन.

गाव सोडलं तेव्हापासून सांगायला हवं. आमचं गाव भंडारा जिल्ह्यात, वैनगंगेच्या काठी. मला नागपूरच्या विमानतळावर सोडायला भाड्याची जीप केली होती आणि तिच्यात आई, ताई, दोन काका आणि माझ्या दोन बॅगा कोंबल्या होत्या. आई रडत होती, ताई रडत होती, मोठे काका दर पाच मिनिटांनी "पोचल्या पोचल्या फोन कर" असं बजावत होते. विमानतळाच्या दारात बॅगा ट्रॉलीवर चढवून झाल्या, तेव्हा बाबा एकदम म्हणाले, "मोठी बॅग उघड." आईनं सुतळीनं बांधलेली बॅग त्या गर्दीत पुन्हा सोडावी लागली. बाबांनी खिशातून फोटोच्या रोलची काळी प्लास्टिकची डबी काढली, माझ्या मोज्यात सरकवली आणि मोजा कपड्यांच्या तळाशी दाबला. डबीत गळ होते, लहानमोठे, तेलाच्या फडक्यात गुंडाळलेले.

"तिकडं हे मिळत नसतील काय?" काका हसले.

"मिळत असतील," बाबा म्हणाले. "पण पाणी सगळीकडं सारखंच असते. मासे तेवढे वेगळे."

बाबा तहसील कचेरीत टायपिस्ट होते, इंग्रजी आणि मराठी दोन्ही. आठवडाभर दुसऱ्यांचे अर्ज, दुसऱ्यांच्या तक्रारी, साहेबांची उत्तरं बडवायची आणि रविवारी पहाटे बांबूची काडी खांद्यावर टाकून नदी गाठायची. मी मागे मागे कणकेचा डबा घेऊन. कणकेत बेसन आणि चिमूटभर हिंग असायचा. लिंबाएवढा गोळा गळाला लावायचा, मोराच्या पिसाच्या देठाचा तरंगा पाण्यावर उभा राहायचा आणि तो बुडाला की बाबा असा हिसका द्यायचे, की मासा थेट गवतात येऊन पडायचा. उन्हं वर यायच्या आत सगळं आटोपलेलं. उशिरा येणाऱ्यांना बाबा म्हणायचे, "आता काय मासे तुमच्यासाठी ओव्हरटाइम करतील?"

त्यांचा एक नियम होता. पहिला मासा घरी न्यायचा नाही. काठावर जो कोणी उभा असेल, गुराखी असो, धुणं धुणारी बाई असो, की नुसताच बघत बसलेला रिकामटेकडा, त्याच्या हातात तो द्यायचा. एका रविवारी सकाळभर एकच मरळ लागली. चांगली हातभर लांब. बाबांनी ती बिडी ओढत बसलेल्या एका अनोळखी माणसाला देऊन टाकली. मी पाय आपटले. "मी पण तर काठावरच उभा हाओ!" मी ओरडलो.

बाबा हसले. "तू कुठचा काठावरचा बे? तू घरचा. घरच्याला दुसरा मासा."

त्या दिवशी दुसरा मासा काही लागला नाही. आम्ही घरी जाऊन वरणभात खाल्ला.

इकडे आल्यावर बरीच वर्षं मी डबी उघडली नाही. आधी टेक्सासमध्ये अर्विंगला होतो, नंतर वॉशिंग्टनमध्ये बॉथेलला आलो. काम सॉफ्टवेअरचं. तुमच्यापैकी जे इकडे आलेत त्यांना सांगायला नको, आपण इथे कसे राहतो ते. व्हिसा रिन्यू करतो, ग्रीन कार्डच्या रांगेत उभे राहतो, रांग हलत नाही, मुलं मोठी होतात. रस्त्यात मागे पोलिसांची गाडी दिसली तर काही गुन्हा नसताना स्टिअरिंगवरचे हात घट्ट होतात. ग्रुपवर कोणीतरी मेसेज टाकतो, अमक्याच्या मित्राच्या मित्राला एका फालतू गोष्टीवरून परत पाठवलं. खरं-खोटं कोण तपासतो यार, भीती मात्र आत जाऊन बसते. गावाकडे जे राहिलेत त्यांना हे समजायचं नाही, आणि आम्हीही फोनवर सांगत नाही. फोनवर आम्ही बर्फाचे फोटो पाठवतो.

बाबा पहिल्यांदा आले ते असेच मार्चच्या सुरुवातीला. आई आली नाही. विमानाचं नाव काढलं की ती विषयच बदलते. बाबांनी मात्र उतरल्यावर गाडीतच विचारलं, "तळं कुठं आहे?" घरापासून थोड्या अंतरावर एक तळं आहे, देवदारांनी वेढलेलं. शनिवारी पहाटे आम्ही तिथे गेलो. बाबांनी स्मिताकडून, म्हणजे माझ्या बायकोकडून, कणीक, बेसन आणि हिंग मागून घेतला होता. "सगळा फ्रिज वासानं भरला," ती म्हणाली, पण डबा तिनंच भरून दिला.

इथे गळ टाकायला सरकारी परवाना लागतो. माझा होता. त्याचं वर्ष मार्चअखेर संपतं. आता बाबांचा काढला तर थोड्याच दिवसांत तो रद्दी, एप्रिल लागला की दोघांचे नवे काढू, असा मी हिशेब केला. चार दिवसांचा परवानाही मिळतो का, हे मी बघितलंसुद्धा नाही. आणि बाबांनी गाडीत विचारलं होतं, हे मला आजही लख्ख आठवतं. "इथं परमिट-गिरमिट लागते काय रे?" टायपिस्ट माणूस तो, कागदाशिवाय जगात काही हलत नाही हे त्यांच्या हाडात.

मी म्हणालो, "सोडा हो बाबा. एवढ्या थंडीत कोण येतंय बघायला!"

तासाभरानं गणवेशातला एक माणूस झाडांमधून चालत आला. उंच, लालसर दाढीचा, अगदी सौम्य. "हाऊज द फिशिंग?" त्यानं विचारलं, आणि मग परवाने. मी माझा दाखवला. त्यानं बाबांकडे बघितलं. बाबांच्या हातात काडी होती, दोरा पाण्यात होता. ग्रीन कार्डची फाइल, ग्रुपवरचे मेसेज, सगळं एका क्षणात डोळ्यांपुढे आलं. आणि मी म्हणालो, "आय टोल्ड हिम. ही जस्ट डझन्ट लिसन."

वर हसलोही. म्हाताऱ्या माणसांबद्दल चारचौघांत आपण हसतो, तसं.

तो माणूस बाबांकडे वळून म्हणाला, "दॅट्स ओके, सर. गेट वन नेक्स्ट टाइम. स्टे वॉर्म."

बाबा म्हणाले, "थँक यू. आय ॲम सॉरी."

स्वच्छ, सावकाश, एकेक शब्द सुटा. आयुष्यभर दुसऱ्यांची इंग्रजी माफीपत्रं टाइप केलेला माणूस होता तो. त्यांना कळणार नाही असं मला का वाटलं, मला सांगता येत नाही. कदाचित तसं वाटलंही नसेल. कळलं तरी ते काही बोलणार नाहीत, एवढी खात्री मात्र होती. मुलं आईबापांच्या जिवावर अशाच खात्रीनं जगतात.

तो गेल्यावर बाबांनी दोरा हळूहळू गुंडाळला आणि काडी माझ्या हातात दिली. "चल," म्हणाले, "थंडी वाजते." त्यानंतर मुक्काम संपेपर्यंत त्यांनी काडीला हात लावला नाही. मी विचारलं की थंडी वाजायची. मे महिन्यात मला घाम फुटला होता, तेव्हाही त्यांना थंडीच वाजत होती. ईशाला, माझ्या मुलीला, कॅरम शिकवला, स्मिताला वड्याची भाजी करून घातली, माझ्याशीही नीट बोलले. रागावले असते तर बरं झालं असतं. विमानतळावर निघताना मला थोपटलं आणि म्हणाले, "सांभाळून राहा. इथले नियम पाळत जा."

ते गेले आणि काही महिन्यांनी आईचा फोन आला. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर ती म्हणाली, "काहून रे, तिकडं काही झालं काय? तुझे बाबा नदीवर जातच नाहीत. काडी खुंटीला टांगून ठेवली. रविवारी घरात बसतात आणि माझ्या सैपाकात चुका काढतात. मासोळी परवडली, पण हे नको बाई!"

ती हसली, मीही हसलो. फोन ठेवला आणि गॅरेजमध्ये जाऊन उभा राहिलो. माझ्या एका वाक्यानं बाबांची नदी बंद झाली होती, आणि ते वाक्य मी भीतीपोटी, स्वतःला वाचवायला, बोललो होतो. ज्यापासून वाचायचं असं काही नव्हतंच. तो माणूस तर थंडी सांभाळा म्हणत होता.

पुढच्या मार्चमध्ये मी एकटाच तळ्यावर जायला लागलो. का, ते माझं मलाही नीट ठाऊक नव्हतं. डबी काढली, तेलाचं फडकं सोडलं. पहाटे पाचला उठून, बाबांसारखा लिंबाएवढा गोळा लावून, तरंग्याकडे डोळे लावून बसायचो. बोटं बधिर व्हायची, कॉफी गार व्हायची, मासा नाही. पाणी सगळीकडे सारखंच असतं, हे बाबांचं म्हणणं या तळ्यानं खोटं ठरवलं. हे पाणी नुकतं वितळलेल्या बर्फाचं होतं. त्यात मासा जगतो, पण जेमतेम. तळाशी, खोलात, एका जागी पडून असतो. अंगात ऊबच नाही, तर तो पळत्या आमिषामागे कशाला धावेल? मोठा घास त्याला पचत नाही. पहाटेशी त्याला काही देणंघेणं नाही.

हे मला एकदम कळलं नाही. चुकत चुकत कळलं. एका रविवारी उशिरा उठलो, म्हणून दुपारी गेलो. तळ्याच्या ज्या अंगाला ऊन पडतं, तिथे काळ्या गाळावर पाणी उथळ होतं. हात बुडवला तर किंचित कमी गार. तिथे पहिल्यांदा तरंगा हलला. बुडाला नाही, नुसता शहारल्यासारखा झाला. मी बाबांसारखा हिसका दिला आणि गळ रिकामा परत आला. असं कितीदा तरी झालं. मग गोळा लहान केला, अजून लहान केला, दोरा बारीक घेतला, गळ पार तळाशी सोडला. ओढायचं तर इतकं सावकाश की ओढतोय असं वाटूच नये, आणि मधे थांबायचं. थांबणंच जास्त. तरंगा शहारला तरी हात आवरायचा, दोऱ्याला वजन येईपर्यंत वाट बघायची. असा पहिला मासा, ट्राउट, मी पकडला, काठावर कोणी आहे का म्हणून इकडे तिकडे बघितलं, कोणी नव्हतं. सोडून दिला.

त्या रात्री, म्हणजे त्यांच्या सकाळी, फोन केला.

"जयभीम, बाबा."

"जयभीम. जेवलास?"

"हो. आज तळ्यावर गेलो होतो. दुपारी लागतात इथे, पहाटे नाही."

"हं," बाबा म्हणाले. आणि फोन आईकडे दिला.

आधी मी त्यांच्याशी कसा बोलायचो ते सांगतो. 'बाबा, या ना पुन्हा, तिकीट काढू का, कधीचं काढू, नायगारा बघू.' धडाधड. ते म्हणायचे, "बघू." आता मी तिकिटाचं नाव काढणं सोडलं. दर रविवारी तळ्याची एखादीच गोष्ट सांगायचो आणि गप्प बसायचो. पाणी आज गढूळ होतं. तरंगा हलला, पण लागला नाही. कितीतरी आठवडे पलीकडून नुसतं "हं" यायचं. मग एकदा फोन आईकडे द्यायच्या आधी ते थांबले आणि म्हणाले, "हिसका देत असशील."

"देतो."

"नको देऊ. मरळ आहे काय ती?"

पुढच्या वेळी त्यांनी दोरा किती जाड आहे ते विचारलं. त्याच्या पुढच्या वेळी, कणकेत हिंग घालतोस की नाही. घालत नाही म्हटल्यावर चिडले. "मग काहून लागंल? गार पाण्यात वास पसरत नाही, तर तो वाढवाले नको काय?" पलीकडून आई ओरडली, "अहो, त्याच्या बिलात माशाच्या गोष्टी नका करू!" "व्हॉट्सॲपला बिल नसते," बाबा तिला म्हणाले, आणि बराच वेळ हिंगावर बोलत राहिले.

मी त्यांना अजून काही सांगितलं नव्हतं. दर वेळी ठरवायचो, दर वेळी पाण्याचंच बोलून फोन ठेवायचो. एकदा स्मिताला सगळं सांगितलं. तिनं हातातली कपड्यांची घडी खाली ठेवली. "परवाना नव्हता तर नव्हता म्हणायचं. बाबांना पुढे कशाला केलंस?" मी फाइलीचं, भीतीचं बोलायला लागलो. "ते मला नको सांगूस," ती म्हणाली, "त्यांना सांग. आणि फोनवर नको सांगूस."

या हिवाळ्यात एका रविवारी बाबा सहज बोलल्यासारखं म्हणाले, "तिकडं मार्चमध्ये किती थंडी असते? साधं स्वेटर चालते काय?"

तरंगा शहारला होता. माझ्या तोंडात 'उद्याच तिकीट काढतो' आलं होतं. मी ते गिळलं. "साधं नाही चालत," म्हणालो. "जाड लागेल. आणि कानटोपी."

"कानटोपी आहे," बाबा म्हणाले.

ते आले. थकलेत. जिना चढताना कठड्याला धरतात, बोलायच्या आधी जरा थांबतात. या वेळी त्यांचा परवाना मी आधीच काढून ठेवला होता. त्यांनी चष्मा वर करून कागद डोळ्यांजवळ नेला, सगळा वाचला, आणि म्हणाले, "नाव बरोबर आहे. स्पेसिंगमध्ये चूक आहे." मग तो घडी करून स्वेटरच्या आतल्या खिशात ठेवला आणि वरून दोनदा चाचपला. ते चाचपणं मला बघवलं नाही.

दुपारी तळ्यावर गेलो. उन्हाच्या अंगाला त्यांना खुर्ची टाकून दिली, पायांवर ब्लँकेट. देवदारांखाली अजून सकाळचं दव गोठलेलं होतं. बाबांनी डबीतला सगळ्यात बारीक गळ निवडला आणि कणकेची गोळी ज्वारीच्या दाण्याएवढी केली. माझ्या गोळीपेक्षाही लहान.

"एवढीशी?" मी विचारलं.

"म्हाताऱ्याचा घास," ते म्हणाले. "इथला मासा माझ्यासारखाच दिसते. ऊन आल्याशिवाय हलत नाही, आणि ताटात जास्त वाढलं तर उठून जाते."

मग त्यांनी गळ पाण्यात सोडला. मला बोलायचं होतं. तेवढ्यासाठी तर हे सगळं केलं होतं. पण बाबांची नजर तरंग्यावर होती आणि तीन वर्षांत ती पहिल्यांदा तिथे होती. मला ती मोडवेना. तरंगा शहारला. बाबा हलले नाहीत. पुन्हा शहारला. ज्यांचा हिसका आमच्या अख्ख्या काठावर ठाऊक होता, ते बाबा दोरा दोन बोटांत धरून नाडी बघितल्यासारखे बसले होते. मग मनगट किंचित वर उचललं, बस्स. ट्राउट काठाशी आला. लहानसाच, अंगावर गुलाबी पट्टा.

बाबांनी हात पाण्यात भिजवून त्याला धरलं आणि मान वर करून काठ न्याहाळला. मला कळलं ते काय शोधताहेत. त्या थंडीत तळ्यावर दुसरं कोणी नव्हतं. त्यांनी मासा माझ्यापुढे धरला.

"घे."

"मला काहून, बाबा? मी तर घरचा."

ते माझ्याकडे बघत होते. आवाजात राग नव्हता, टोमणाही नव्हता. पाणी किती खोल आहे ते सांगावं, तसं सांगितलं.

"त्या दिवशी तू काठावर उभा होतास."

मला इथे लोक विचारतात, घर कुठलं? कधी मी बॉथेल म्हणतो, कधी वैनगंगेचं नाव घेतो आणि मग नकाशात दाखवावं लागतं. दोन्ही उत्तरं मला अर्धीच वाटत आली आहेत. ज्या माणसाकडून आपल्याला पहिला मासा मिळत नाही, तो माणूस म्हणजे घर. ते मी माझ्या हातानं सोडून काठावर जाऊन उभा राहिलो होतो, आणि तिथून इंग्रजीत हसलो होतो.

मासा त्यांच्या ओल्या हातात तोंड उघडत मिटत होता. मी तो घेतला नाही. गुडघे टेकून त्यांच्या खुर्चीशी बसलो, गारठलेला तो हात माशासकट दोन्ही हातांत धरला आणि म्हणालो, "बाबा, परमिटचं तुम्ही विचारलं होतं. मीच नको म्हणालो. आणि त्या माणसाला सांगितलं, तुम्ही ऐकत नाही. घाबरलो आणि तुम्हाला पुढे केलं. मला माफ करा. त्या दिवशी सॉरी तुम्ही म्हणालात, बाबा. ते माझं होतं."